सोळा पुड्या

डिसेंबरातली सकाळ, सातला दहा कमी. नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या चढावर, रस्त्याकडेच्या एका बुटक्या कठड्यावर दोघी टेकलेल्या. एकीच्या कानाला मफलर, हातात कापडी पिशवी. दुसरीनं पंजाबी ड्रेसवर काळं, जाडजूड जाकीट चढवलेलं. पुढे-मागे शिवलेले छोटे छोटे कप्पे, प्रत्येक कप्प्यात काहीतरी कोंबलेलं, बाजूंना दोन पट्टे. लांबून पाहिलं तर बाई फुटाळा तलावात नाव वल्हवायला निघाल्या की काय असं वाटावं. मफलरवाली म्हणाली, "काहून वं, वजन कमी करासाठी वजन आंगावर घेऊन फिरून राहिली का?" जाकीटवालीला उत्तर द्यायला दम पुरेना. तिनं आधी पट्टे सैल केले, दोन श्वास घेतले, मग म्हणाली, "पोरीनं पाठवलं न पुण्याहून. आठ किलोचं हाय. हाडं मजबूत होते म्हणे." दोघी हसल्या. जाकीट उतरलं तेव्हा मानेच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यांचे लाल वळ दिसले आणि पाठीला ड्रेसचं कापड चिकटलेलं. आजूबाजूला स्वेटर घातलेली माणसं तळवे चोळत चालली होती आणि ह्या बाईला घाम फुटला होता.

जाकीट उतरलं, प्रश्न मात्र तिथंच राहिला.

थट्टेत विचारलेला असला तरी प्रश्न नेमका होता. मैत्रिणीची शंका खोटी नाही, पोरीचं म्हणणंही खोटं नाही. फसलं होतं ते आकड्यात. बाई असतील बावन्न-पंचावन्न किलोच्या. त्यांच्या अंगावर एकदम आठ किलो म्हणजे स्वतःच्या वजनाचा जवळजवळ सातवा हिस्सा, आणि तोही चढावर. व्यायामाच्या वस्तूंचं हे नेहमीचंच आहे. खोक्यावर जो आकडा छापलेला असतो तोच डोस समजला जातो. औषधाची अख्खी बाटली कुणी एकदम पीत नाही, पण व्यायामाचं हे वजनाचं जाकीट मात्र आलं तसं, भरलेलंच अंगात घातलं जातं. खरं तर आठ किलोच्या त्या जाकिटात वाळूच्या किंवा लोखंडी छऱ्यांच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या सोळा पुड्या असतात, आणि त्या काढता येतात म्हणूनच त्याला कप्पे शिवलेले असतात. नुसतं रिकामं कापड, पट्टे, चेन मिळून पाऊण किलोच्या आसपास भरतं, ते काहीजण मोजतात, काहीजण मोजत नाहीत. म्हणून घरच्या वजनकाट्यावर एकदा नुसतं उभं राहावं, एकदा जाकिटासकट, आणि दोन आकड्यांतला फरक खरा धरावा.

इतवारी बाजारातल्या हमालाला हे जाकीट दाखवलं तर तो आधी किंमत विचारेल आणि मग हसेल. पण ते कसं घालावं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार नाही. किराणा ओळीत ट्रक लागला की पाहावं. हमाल पोतं कमरेवर लोंबू देत नाही. मानेच्या मागे, दोन्ही खांद्यांवर आडवं घेतो, जरासा पुढे कलतो, पाऊल आखूड टाकतो, टाच फार उचलत नाही, आणि एकदा निघाला की मध्ये थांबत नाही, कारण थांबलं की ओझं वाढतं. डोक्यावर पाण्याचे दोन गुंड घेऊन चालणाऱ्या बाईची गोष्टही तीच: ओझं कण्याच्या रेषेत, मान स्थिर, डुलणं नाही. १९८६ साली केनियातल्या बायकांवर झालेला एक अभ्यास शरीरशास्त्रात फार गाजला. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचं ओझं डोक्यावर घेऊन चालताना त्यांना जास्तीची शक्ती जवळजवळ लागतच नव्हती. पुढच्या अभ्यासांत ते सगळ्यांना लागू पडलं नाही, पण ओझं कुठं आणि कसं ठेवलंय यावर ते किती जड पडणार हे ठरतं, एवढं पक्कं झालं. आखाड्यांत पैलवान गळ्यात दगडी कडं अडकवून बैठका मारत, त्यातही मान, खांदे आणि छाती यांच्यावरच भार होता. जाकिटानं नवं काही शोधलेलं नाही. त्यानं ते कडं कापून सोळा तुकडे केले आणि पुढे-मागे वाटून दिले, इतकंच.

आता मफलरवालीच्या प्रश्नाकडे. वजन घालून वजन कमी होतं का? १९७७ साली अमेरिकन लष्कराच्या नॅटिक इथल्या संशोधकांनी ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाला किती शक्ती लागते याचं एक सूत्र मांडलं, ते अजून वापरलं जातं. त्यात आकडे घालून पाहिले की उत्साह जरा उतरतो. ७० किलोचा माणूस फुटाळ्याच्या काठच्या सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ४.८ किलोमीटरनं चालला तर तासाला साधारण २५० कॅलरी जळतात. अंगावर ७ किलोचं जाकीट चढवून तेवढाच चालला तर साधारण २६८. तासभर घामाघूम होऊन, खांदे दुखवून, हातात पडल्या अठराच्या आत-बाहेर कॅलरी. चहातल्या एका चमचा साखरेत तेवढ्या असतात. तोच माणूस जाकीट घरी खुंटीला टांगून ताशी ५.६ च्या वेगानं चालला, म्हणजे कुणीतरी पुढं निघून गेलंय अशा लगबगीनं, तर आकडा ३१० च्या घरात जातो. आणि जाकिटाशिवायच, पहिल्याच वेगानं, शंभर पावलांत पाच पावलं उंच नेणारा चढ चढला तर ३९०. जळायचंच असेल तर चढ जाळतो. नागपूरसारख्या सपाट गावात चढ विकत घेता येत नाही, म्हणून सेमिनरी हिल्सला सकाळी एवढी गर्दी, आणि म्हणून रामटेकच्या पायऱ्या पाहिल्या की पोटऱ्यांना हुरूप येतो.

चढावर मात्र जाकिटाची किंमत वाढते. वरच्या हिशेबातला पाच टक्क्यांचा चढ ७ किलो घेऊन चढला तर तासाला ४२० च्या वर. सपाटीवर जे ओझं सतराअठराच कॅलरी देत होतं, ते चढावर तीसच्या पुढे देतं. जिन्यावर तर हिशेब अगदी सरळ: अंगावर दहा टक्के जास्त, तर उचलण्याचं काम दहा टक्के जास्त. म्हणून ज्यांना जाकिटाचा खरा उपयोग करून घ्यायचा आहे त्यांनी ते बागेतल्या गोल चकरांसाठी वाया घालवू नये. चार मजली इमारतीचा जिना पुरे. मेट्रोच्या उंच स्टेशनांचे जिने मोहात पाडतात खरे, पण कप्प्याकप्प्यांचं काळं जाकीट घालून तपासणीच्या दारात उभं राहिल्यावर पुढचा अर्धा तास कसा जाईल हे सांगायला नको.

मग सपाटीवर ते घालूच नये का? घालावं, पण वेगळ्या कारणासाठी. प्रत्येकाला वेग वाढवता येत नाही. वेग ताशी सात किलोमीटरच्या आसपास गेला की चालण्याचं धावणं होऊ लागतं. चालताना जमीन पायाला शरीराच्या वजनाच्या सव्वापट-दीडपटीच्या आत दणका देते, धावताना तो दोन-तीन पट होतो, आणि गुडघे तक्रार करतात. जाकीट वेग न वाढवता कष्ट वाढवतं; श्वास खोल होतो, छाती थोडी जास्त काम करते, पाय जमिनीलाच राहतात. दुसरं कारण संसारी आहे. जोडप्यानं फिरायला निघावं आणि वॉकर्स स्ट्रीटवर पोचेपर्यंत नवरा पन्नास पावलं पुढे असावा, हे दृश्य सिव्हिल लाइन्समध्ये रोज दिसतं. पुढच्याला मागं थांबायचा कंटाळा, मागच्याला धावायचा. जाकीट पुढच्याच्या अंगात घातलं की दोघं एका रेषेत येतात. ह्या कामासाठी त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, असं माझं मत आहे.

बाईंच्या पोरीनं सांगितलेली हाडांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. हाड हे भिंतीतल्या सळईसारखं निर्जीव नाही. भार येतो तिथं ते स्वतःला दाट करतं, भार जातो तिथं पातळ होतं. अवकाशात गेलेल्या माणसाच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं, कारण तिथं पायांवर भारच नसतो. पाळी थांबल्यानंतरच्या वर्षांत बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात, ते वेगळ्या कारणानं. पण उपाय म्हणून भार वाढवावा ही कल्पना तिथूनच आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळी गेलेल्या काही बायकांनी पाच वर्षं वजनाचं जाकीट घालून पायांचे व्यायाम केले आणि उड्या मारल्या. त्यांच्या खुब्याचं हाड टिकलं, व्यायाम न करणाऱ्यांचं घटलं. बायका थोड्याच होत्या, पण पाच वर्षं चिकाटीनं टिकल्या. याच्या उलट, २०२५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. आहार कमी करून वजन उतरवणाऱ्या १५० वयस्कर माणसांपैकी काहींना वर्षभर दिवसाचे कित्येक तास जाकीट घालायला दिलं होतं, म्हणजे उतरलेल्या वजनाचा भार हाडांना जाकिटातून मिळत राहील. तसं झालं नाही. खुब्याचं हाड सगळ्याच गटांत घटलं, जाकीटवाल्यांचंही.

दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट दिसते. जाकीट अंगावर असणं वेगळं आणि जाकीट घालून काही करणं वेगळं. हाडाला नुसता सततचा दाब कळत नाही. त्याला दणका कळतो, बदल कळतो, थोडा वेळ आणि जोरात. जाकीट घालून खुर्चीत बसून वांगी चिरली, टीव्ही पाहिला, तर हाडाला त्याचा पत्ताही लागत नाही. पाठीला मात्र लागतो. तेच जाकीट घालून पायरीवर चढ-उतर केली, खुर्चीच्या कडेवरून हात न टेकता दहा वेळा उठलं-बसलं, टाचा उचलून धपकन टेकवल्या, तर ते हाडापर्यंत जातं. उड्या मात्र ज्यांची हाडं आधीच ठिसूळ झाली आहेत त्यांनी मारू नयेत. त्यांना जाकीटच वर्ज्य.

गंमत म्हणजे दिवसभर घालण्याच्या बाजूनंही एक पुरावा आहे. २०२० साली स्वीडनमध्ये ६९ स्थूल माणसांना तीन आठवडे, रोज आठ तास जाकीट घालायला दिलं. निम्म्यांचं स्वतःच्या वजनाच्या ११ टक्के भारी, निम्म्यांचं एकच टक्का. भारीवाल्यांचं वजन दुसऱ्यांपेक्षा सव्वा-दीड किलो जास्त उतरलं. शरीराला स्वतःचं वजन पायांतून कळतं आणि ते वाढलं की भूक आवरते, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज. म्हणजे मफलरवालीच्या प्रश्नाला "हो" म्हणणारं कुणीतरी आहे. पण तीन आठवडे हा फार लहान काळ, आणि नागपुरात आठ तास अंगात जाकीट घालून हिंडायचं तर डिसेंबर-जानेवारी सोडून कोणता महिना शोधायचा?

कारण इथं खरा शत्रू ऊन आहे. घाम भरपूर येतो छाती-पाठीवर, आणि जाकीट नेमकं तेच झाकतं. घाम वाळला तर अंग थंड होतं. जाकिटाखाली तो वाळत नाही, नुसता वाहतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो तेव्हा पहाटे पाचलाही रस्त्याचं डांबर कोमट लागतं. त्या दिवसांत जाकीट कपाटात असावं. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान कमी दिसतं म्हणून लोक फसतात, पण दमट हवेत घाम आणखीच वाळत नाही. घरात कूलरसमोर उभं राहून व्यायाम करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, पाण्याचा कूलर खोलीतली हवा ओलीच करतो. नागपुरात जाकिटाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. त्यातही शंका असेल तर काट्यावर जावं: निघताना आणि परतल्यावर उघड्या अंगानं वजन घ्यायचं. एक किलो उतरलं असेल तर एक लिटर पाणी गेलं. त्याचा आनंद मानण्यात अर्थ नाही, ते संध्याकाळपर्यंत परत येतंच, आणि यायलाच हवं.

घालण्याची रीत जरा तपशिलानं सांगण्यासारखी आहे, कारण त्यातच बहुतेकांचं बिनसतं. पहिल्या दिवशी स्वतःच्या वजनाच्या पाच टक्के. ५२ किलोच्या बाईसाठी अडीच किलोच्या आसपास, म्हणजे रिकामं जाकीट आणि चार पुड्या: दोन पुढे, दोन मागे. सगळ्या पुढे घातल्या तर कंबर आत खेचली जाते आणि पाठ भरते. सगळ्या मागे घातल्या तर माणूस पुढे झुकून मान बाहेर काढतो, कोंबड्यासारखा. पुड्या वरच्या कप्प्यांत घालाव्यात, छातीच्या पातळीला; खालचे कप्पे भरले की जाकीट पोटावर लोंबतं आणि प्रत्येक पावलाला आपटतं. पट्टा एवढा घट्ट की उडी मारली तर जाकीट वेगळं उडू नये, आणि एवढा सैल की पट्ट्याखाली दोन बोटं जावीत. मग पोटभर श्वास घ्यायचा. छाती फुगताना अडली तर पट्टा सैल करायचा, भार कमी करायचा. श्वास अडवणारं जाकीट कितीही हलकं असलं तरी जडच. बायकांना छातीवरून जाणारे सरळ पट्टे टोचतात. बाजूनं आवळणारं किंवा खांद्यावरून तिरपं येणारं घेतलेलं बरं, आणि आतून गळाबंद सुती टी-शर्ट, म्हणजे मानेला वळ येत नाहीत.

पहिले दोन आठवडे दहा ते पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. आधी वेळ वाढवायची, तीस मिनिटांपर्यंत, आणि मगच भार. तोही दोन आठवड्यांनी एका जोडीनं, म्हणजे एक पुडी पुढे, एक मागे. दोन्ही एकदम वाढवले की तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत कळ येते, आणि जाकीट कपाटात जातं ते कायमचंच. चालण्यासाठी दहा टक्क्यांवर थांबावं. त्यापुढचं ज्यांची बैठक-जोर पक्की आहे त्यांचं. भार झेपतोय का हे कळायला घड्याळ लागत नाही. सोबतच्याशी सलग एक वाक्य बोलता आलं पाहिजे. नागपुरी माणसाला ही परीक्षा सोपी आहे. वाक्य मध्येच तुटलं तर भार जास्त झाला. दुसरी परीक्षा सावलीची. सकाळचं ऊन बाजूनं पडतं, रस्त्यावर लांब सावली चालते. तिची मान खांद्यांच्या पुढे गेलेली दिसली की दम संपला, मग मिनिटं कितीही राहिलेली असोत, जाकीट काढायचं. हाताला मुंग्या आल्या तर पट्टा खांद्याच्या नसा दाबतोय. ते सोसायचं नसतं.

उतार हा वेगळाच विषय आहे. चढताना धाप लागते म्हणून लोक चढाला भितात, आणि गुडघ्याची वाट लावतो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावत असतात, आणि अंगावरचा प्रत्येक किलो गुडघ्यात कित्येक पटीनं जाणवतो. सेमिनरी हिल्सवर जाकीट घालून वर गेलेला माणूस खाली येताना धपाधप पाय आपटतो, दोन दिवसांनी मांड्या भरतात, आणि दोष चढाला जातो. यावर जुनी युक्ती आहे, जाकिटाहून स्वस्त. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढायचं आणि वर पोचल्यावर पाणी झाडांना घालून रिकाम्या बाटल्यांनी उतरायचं. झाडांचं भलं, गुडघ्यांचं त्याहून. फक्त सॅक कमरेवर लोंबली नाही पाहिजे. तळाशी जुनी चादर घडी करून ठेवली की वजन खांद्यांच्या फऱ्यांपर्यंत वर येतं. पाच किलोच्या कणकेच्या पिशवीनंही हेच होतं, ती तेवढी आधी जाड प्लॅस्टिकमध्ये बांधावी.

पायात बांधायची वजनं मात्र कुणी सुचवली तरी नको. जाकीट धडावर असतं, धड फार हलत नाही. पाय प्रत्येक पावलाला झोका घेतो, आणि झोक्याच्या टोकाला वजन लटकवलं की गुडघा आणि खुबा ते ओढत बसतात. धावणाऱ्यांच्या बुटात शंभर ग्रॅम वाढले तरी शक्तीचा खर्च टक्काभर चढतो. दोन्ही हातांत गोकुळपेठेतून आणलेल्या संत्र्यांच्या पिशव्या घेऊन चालणं, हा फिरण्याचा व्यायाम समजू नये. त्यानं मनगट आणि मान दुखते आणि संत्री दबतात.

घेताना शिवण बघावी. स्वस्त जाकिटांत वाळू असते. ती शिवणीतून गळू लागली की आधी घरभर पायाला कचकच लागते आणि मग एक बाजू हलकी होते, हे कळायला आठवडा जातो. लोखंडी छर्रे असतील तर घामानं गंजतात आणि पांढऱ्या कपड्यांवर तपकिरी डाग पडतात. म्हणून पुडी प्लॅस्टिकमध्ये बंद असलेली हवी. चिकटपट्टीत, म्हणजे वेल्क्रोत, कापसाचे धागे अडकून ती महिन्याभरात पकड सोडते, जुन्या दातांच्या ब्रशनं साफ केली की परत धरते. दर चार-पाच वेळांनी पुड्या काढून कापड धुवावं आणि उलटं करून उन्हात वाळवावं. नाही तर त्याला जो आंबूस वास येतो तो धुण्याच्या पावडरीनं जात नाही, आणि काखेत, छातीखाली खाज सुरू होते ती वेगळीच.

रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, मणका सरकलेला किंवा खचलेला असेल, हर्निया असेल, पोटात बाळ असेल, तोल जात असेल, गुडघा सुजत असेल, तर हे सगळं वाचून सोडून द्यावं. नुसतं चालणं पुरेसं आहे.

मार्चचा पहिला आठवडा. त्याच कठड्यावर त्याच दोघी. मफलर गेलेला, पिशवी तीच. जाकीट तेच, पण अंगाला लागून बसलेलं. वरचे कप्पे फुगीर, खालचे चपटे. मानेला वळ नव्हते. बाई चढ चढून आल्या होत्या आणि सलग बोलत होत्या, बहुतेक कुणाच्या तरी लग्नाबद्दल. मफलरवालीनं जाकिटाचा खालचा कप्पा बोटांनी दाबून पाहिला, रिकामा. "अन् बाकीच्या पुड्या कुठं गेल्या वं?"

"सहाच घालते आता. चार गच्चीवर हाये. कुरडयाचं धोतर उडून राहिलं होतं न, कोपऱ्यावर ठेवल्या."

"मंग दोन मले देजो," मफलरवाली म्हणाली, "माह्या पापडाले लागते."